स्पेक्ट्रमवर कृष्णधवल फोटो: रॉ ग्रेस्केल फाइलींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माळ्यावर पडलेला झेडएक्स स्पेक्ट्रम हा जुना घरगुती संगणक खाली काढला, पुसला, चालू केला आणि त्यावर शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा दाखवला. तेव्हापासून तेच ते प्रश्न येत आहेत. कुणी घरी येऊन विचारतं, कुणी लग्नाच्या पंगतीत. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. सगळं ४८के, म्हणजे ४८ किलोबाइट मेमरीचा, स्पेक्ट्रम धरून लिहिलंय. १२८के मॉडेलचा विषय आला की तसं सांगेन.

रॉ ग्रेस्केल फाइल म्हणजे नेमकं काय?

नुसती आकड्यांची रांग. एका पिक्सेलला एक बाइट. ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा, मधले सगळे करडे. वरची ओळ डावीकडून उजवीकडे लिहायची, ती संपली की लगेच खालची. ओळ संपल्याची खूण नाही, रुंदी-उंचीचा उल्लेख नाही. जेपेग फाइल आपली कुंडली बरोबर घेऊन फिरते. रॉ फाइलला आगापिछाच नसतो. कॅमेऱ्याच्या 'रॉ'शी मात्र तिची गल्लत करू नका. तो सेन्सरचा माल असतो, बरोबर बरीच माहितीही असते, आणि त्याचा इथे काही संबंध नाही.

म्हणून रुंदी आणि उंची फाइलच्या नावातच लिहून ठेवा. माझ्या टेबलावर पाटीच लावली आहे: 'रुंदी-उंची ठाऊक नसल्यास मदत मागू नये.' पाटी पुणेरी आहे, पण उगाच नाही. सहा महिन्यांनी स्वतःचीच फाइल स्वतःला ओळखता येत नाही.

स्पेक्ट्रमच का?

घरात तोच होता. १९८२ साली इंग्लंडमध्ये आलेलं हे यंत्र. आत ३.५ मेगाहर्ट्झचा झेड-८०ए प्रोसेसर. आपल्याकडे त्याचाच परवाना घेऊन काढलेला 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' मिळायचा. तो असेल तरी खालचं सगळं लागू आहे.

त्याला करडा रंग दाखवता येतो का?

नाही. पडदा २५६ × १९२ ठिपक्यांचा. प्रत्येक ठिपका एक बिट, म्हणजे आहे किंवा नाही. रंग वेगळे ठेवलेले असतात, तेही ८ × ८ ठिपक्यांच्या चौकटीला मिळून दोनच: एक शाईचा, एक कागदाचा. एकूण रंग पंधरा. त्यात काळा, पांढरा आणि मंद पांढरा आहे, पण हवा तो करडा हव्या त्या ठिपक्याला देता येत नाही.

मग करडा आणायचा कुठून? रांगोळीतून. काळ्या फरशीवर पांढऱ्या रांगोळीची चिमूट दाबून सोडली की पांढरं पडतं, सैल सोडली की करडं दिसतं. तिथे करडी पूड नसतेच. कण विरळ पडले की बघणाऱ्याचा डोळाच त्यांची सरासरी काढतो. वर्तमानपत्रातल्या जुन्या फोटोवर भिंग धरलंत तरी हेच दिसेल.

फोटोपासून रॉ फाइल कशी करायची?

४:३ प्रमाणात कापा. २५६ × १९२ हे बरोबर त्याच प्रमाणात बसतं. गिंप या फोटो सुधारायच्या प्रोग्राममध्ये मोड ग्रेस्केल करा, आकार बदला आणि 'रॉ इमेज डेटा' म्हणून बाहेर काढा. आज्ञा लिहून चालवायच्या इमेजमॅजिकलाही हे एका ओळीत जमतं. त्यानंतर फाइलचा आकार बघा, कारण रॉ फाइलबद्दल खात्रीचं असं तेवढंच कळतं. ४९१५२ बाइट असेल तर काम झालं. ९८३०४ असेल तर पारदर्शकतेचा थर काढायचा राहिलाय किंवा दर पिक्सेलला सोळा बिट गेलेत. १४७४५६ असेल तर ग्रेस्केल करायलाच विसरलात, तिन्ही रंग आत बसलेत. आणि ४९१६७ भरली तर ती रॉ नसून बहुधा पीजीएम आहे. तिच्या सुरुवातीला रुंदी-उंची सांगणारं पंधरा बाइटांचं कपाळ असतं, ते उडवा.

४८के मेमरीत ती फाइल का मावत नाही?

हा माझा सर्वात आवडता प्रश्न. २५६ गुणिले १९२ म्हणजे ४९१५२, आणि ४८के म्हणजेही बरोबर ४९१५२. फाइल आणि यंत्राची सगळी रॅम एकाच मापाची. म्हणजे फोटो ठेवला तर पडद्याला, बेसिकला (यंत्रातली प्रोग्राम लिहायची भाषा) आणि तुमच्या प्रोग्रामला एक बाइटही उरत नाही. पडद्यालाच ६९१२ बाइट लागतात: ठिपक्यांचे ६१४४ आणि रंगांचे ७६८.

पण याच हिशेबात सुटकाही आहे. स्पेक्ट्रमचा पडदा आतून तीन समान भागांत वाटलेला आहे, प्रत्येकी ६४ ओळींचा. फाइलमधल्या ६४ ओळी म्हणजे १६३८४ बाइट, म्हणजे बरोबर १६के. तेव्हा फाइलचे तीन तुकडे करा. 'क्लिअर ३२७६७' ही आज्ञा देऊन बेसिकला त्या पत्त्याच्या आत रोखा आणि पहिला तुकडा मेमरीतल्या ३२७६८ या पत्त्यावर उतरवा. तो ४९१५१ पर्यंत येतो, आणि मशीन कोडला, म्हणजे प्रोसेसरच्या थेट आज्ञांना, ४९१५२ पासून पुढची जागा मोकळी राहते. त्या तुकड्याचे ठिपके करून पडद्याचा वरचा तिसरा भाग भरा, मग त्याच जागेवर दुसरा तुकडा, मग तिसरा. १६के चे २के होतात, आठास एक.

३२७६८ च्या वरची जागा निवडण्याला आणखी एक कारण आहे. त्याखालची १६के मेमरी पडदा रंगवणारी चिपही वापरत असते, त्यामुळे तिथे प्रोसेसरला थांबून थांबून काम करावं लागतं.

एवढा खटाटोप नको असेल तर १२८ × ९६ ची फाइल घ्या. ती १२२८८ बाइटांची, एका दमात मावते. दर पिक्सेलला २ × २ ठिपके द्यायचे, म्हणजे पाच छटा मिळतात. चेहरा ओळखू येतो, पण चष्म्याची काडी हरवते.

ठिपके पाडायची पद्धत कोणती चांगली?

सगळ्यात सोपी म्हणजे १२८ च्या वर पांढरा, खाली काळा. एकदा करून बघा आणि सोडून द्या. दिल्ली दरवाज्याचे खिळे दिसतात, पण दरवाजा दिसत नाही.

दुसरी बेयरची. कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांनी १९७३ मध्ये मांडलेली. यांच्याच नावाची रंगजाळी आज मोबाइलच्या कॅमेऱ्यांत असते. ४ × ४ चा कोठा घ्यायचा. पहिली ओळ ०, ८, २, १०. दुसरी १२, ४, १४, ६. तिसरी ३, ११, १, ९. चौथी १५, ७, १३, ५. ही फरशी सगळ्या फोटोवर अंथरायची. पिक्सेलचा आकडा त्या जागेच्या अंकाच्या सोळापट अधिक ८ पेक्षा मोठा असेल तर ठिपका पांढरा, नाहीतर काळा. सतरा छटा मिळतात. यात शेजाऱ्याकडे बघावंच लागत नाही, त्यामुळे स्पेक्ट्रमला हे पटकन जमतं. मात्र आकाशात विणलेल्या चटईसारखी नक्षी उठते.

तिसरी फ्लॉइड–स्टाइनबर्ग, १९७६ ची. आकडा १०० आहे आणि तुम्ही काळा ठिपका दिलात, तर ते १०० बुडवायचे नाहीत, शेजाऱ्यांना वाटायचे. उजव्या पिक्सेलला ७/१६, खाली डावीकडे ३/१६, सरळ खाली ५/१६, खाली उजवीकडे १/१६. पांढरा दिलात तर २५५ ला जितके कमी होते तितके वजा करून वाटायचे. किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीसारखं, शिल्लक पुढच्या पानावर. झेड-८० ला गुणाकार-भागाकाराची आज्ञाच नाही, पण सोळाने भागणं म्हणजे चारदा उजवीकडे सरकवणं आणि सातपट म्हणजे आठपट वजा एक, त्यामुळे भागतं. तीन तुकडे करत असाल तर तुकड्याच्या शेवटच्या ओळीतून खाली जाणारी उधारी २५६ जागांच्या कोठ्यात जपून ठेवा. मी विसरलो होतो. पडद्यावर दोन जागी आडव्या शिवणी दिसत होत्या, आणि चार दिवस मी कॅसेटला दोष देत बसलो.

ॲपलमधल्या बिल ॲटकिन्सन यांनी मॅकिंटॉशसाठी वापरलेली एक जात आहे. तीत सहा शेजाऱ्यांना प्रत्येकी आठवा हिस्सा मिळतो आणि उरलेला पाव भाग चक्क सोडून दिला जातो. फोटो कडक येतो. सावल्या गडद होतात, उजेड पांढराफटक. माणसांच्या चेहऱ्यांना मी हीच लावतो, इमारतींना फ्लॉइड–स्टाइनबर्ग. बेयर फक्त कुणासमोर यंत्राची चलाखी दाखवायची असेल तेव्हा.

सगळं बरोबर करूनही फोटो धुतल्यासारखा फिका का येतो?

कारण फाइलमधला १२८ म्हणजे अर्धा उजेड नव्हे. नेहमीच्या फोटो फाइलींत आकडे डोळ्याच्या सोयीने वाकवलेले असतात. त्यातला १२८ प्रत्यक्षात पूर्ण उजेडाच्या जेमतेम २२ टक्के असतो. आपण मात्र त्याला निम्मे ठिपके पांढरे देतो, म्हणजे ५० टक्के उजेड. निम्म्या ठिपक्यांवर हक्क खरं तर १८८ च्या आसपासच्या आकड्याचा. म्हणून ठिपके पाडण्याआधी २५६ नोंदींचा तक्ता करून प्रत्येक आकडा खऱ्या उजेडात बदलून घ्या. तक्ता २५६ च्या पटीतल्या पत्त्यावर ठेवलात तर मशीन कोडमध्ये शोध एका झटक्यात होतो.

हिशेब असा असला तरी जुन्या काचेच्या टीव्हीवर एकटा ठिपका पसरतो आणि मिणमिणतो, त्यामुळे पुरती दुरुस्ती केली की फोटो काळवंडतो. मी दोन्हींच्या मध्ये कुठेतरी थांबतो. इम्युलेटरवर, म्हणजे आजच्या संगणकावर चालणाऱ्या नकली स्पेक्ट्रमवर, सुंदर दिसलेला फोटो टीव्हीवर निराश करतो तो यामुळेच. शेवटची पारख टीव्हीवरच करा.

एकामागून एक बाइट पोक केले (मेमरीत लिहिले) तर ओळी उड्या का मारतात?

पडद्याची मेमरी वरून खाली सरळ लावलेली नाही. १६३८४ ला सर्वात वरची ओळ सुरू होते, पण तिच्या लगेच खालची १६४१६ ला नसून १६६४० ला आहे. १६४१६ ला नववी ओळ बसते. आठ ओळींच्या अक्षरांचं काम सोपं व्हावं म्हणून ही रचना. अक्षर काढताना खालच्या ओळीवर जायला पत्त्याचा वरचा बाइट एकने वाढवला की झालं. फोटोवाल्यांना मात्र ताप.

सूत्र लिहून ठेवा. ओळ 'य' आणि स्तंभ 'क्ष', दोन्ही शून्यापासून. य ला ६४ ने भागून येणारा पूर्णांक गुणिले २०४८. य ला ८ ने भागून उरणारी बाकी गुणिले २५६. य ला ६४ ने भागून जी बाकी उरते तिला ८ ने भागून येणारा पूर्णांक गुणिले ३२. क्ष ला ८ ने भागून येणारा पूर्णांक. या सगळ्यांच्या बेरजेत १६३८४ मिळवा. पडताळा हवा तर ओळ १००, स्तंभ ४०: २०४८ अधिक १०२४ अधिक १२८ अधिक ५ अधिक १६३८४, म्हणजे १९५८९. तुमच्या प्रोग्रामला दुसरं काही उत्तर आलं तर कंस तपासा.

मशीन कोड येत नाही. बेसिकमध्ये जमेल का?

जमेल, पण गॅसवर कुकर लावून बसा. 'प्लॉट' ही एकेक ठिपका काढायची आज्ञा वापरू नका. एकतर ते सावकाश चालतं, शिवाय त्याला खालच्या सोळा ओळी मिळत नाहीत, आणि त्याचा शून्य खालून मोजतात, त्यामुळे फोटो शीर्षासन करतो. त्यापेक्षा आठ पिक्सेल वाचा. दर वेळी जुन्या आकड्याची दुप्पट करून त्यात ० किंवा १ मिळवा. आठ झाले की तयार बाइट वरच्या सूत्राच्या पत्त्यावर पोक करा. ४९१५२ प्लॉटच्या जागी ६१४४ पोक. तरी शिट्ट्या मोजायला भरपूर वेळ मिळतो.

चित्र तिरकं घसरलेलं दिसतं.

रुंदी चुकली. तुम्ही धरलेली रुंदी खरीपेक्षा एकने जास्त असेल तर दर ओळीला चित्र एक ठिपका डावीकडे सरकतं आणि खांब खाली जाताना डावीकडे कलतात. कमी धरलीत तर उजवीकडे. कल बघून दुरुस्ती करा. चित्र सरळ आहे पण सगळंच पंधरा ठिपके उजवीकडे सरकलंय आणि डाव्या कोपऱ्यात कचरा दिसतोय, तर ते पीजीएमचं कपाळ.

निगेटिव्ह आलं.

चौकटींचा रंग चुकला. पांढऱ्या ठिपक्याला १ दिलं असेल तर रंगाच्या ७६८ बाइटांत, म्हणजे २२५२८ पासून पुढे, ७१ भरा: काळा कागद, झळझळीत पांढरी शाई. काळ्याला १ दिलं असेल तर १२०.

फाइल यंत्रापर्यंत पोचवायची कशी?

कॅसेटने, नाहीतर मोबाइलने. टॅप फाइलचा (कॅसेटवरच्या माहितीची नक्कल) आवाज करणारी साधनं फुकट मिळतात. मोबाइलची हेडफोनची पिन 'इअर' भोकात घाला, आवाज जवळजवळ पूर्ण वाढवा आणि फोन विमान मोडवर टाका. हे शेवटचं विसरू नका. चौथ्या मिनिटाला कुणाचा तरी 'शुभ सकाळ' टिंग करून येतो आणि पडद्यावर 'आर टेप लोडिंग एरर' उमटतं.

वेळेचं गणित गमतीचं आहे. स्पेक्ट्रमच्या टेपवर १ लिहायला ० च्या दुप्पट वेळ लागतो. त्यामुळे ६९१२ बाइटांचा पडदा नुसता शून्यांचा असेल तर २७ सेकंदांत उतरतो, नुसत्या एकांचा असेल तर ५४ सेकंदांत. फोटो साधारण चाळीस सेकंद घेतो. १६के चा एक रॉ तुकडा दीड मिनिटाच्या थोडा वर जातो. तीन तुकडे म्हणजे पाच मिनिटं, आणि मध्ये ठिपके पाडेपर्यंत टेप थांबवून ठेवायची.

डिव्हएमएमसीसारखं मेमरी कार्डाचं साधन लावलंत तर हे सगळं क्षणात होतं. मी लावलेलं नाही. पट्ट्यापट्ट्यांनी उतरणारा पडदा बघत बसायला मला आवडतं.

जुन्या कृष्णधवल टीव्हीवर खरे करडे रंग मिळतात, हे खरं का?

खरं आहे, आणि फार कमी जण करून बघतात. स्पेक्ट्रमच्या रंगांचे क्रमांक असे: काळा, निळा, लाल, किरमिजी, हिरवा, आकाशी, पिवळा, पांढरा, ० ते ७. हा क्रम उजेडाचा आहे. कृष्णधवल टीव्हीवर तेच आठ रंग काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत चढत्या पायऱ्या होतात. रंगीत टीव्हीचा रंग शून्यावर आणलात तरी तेच.

अडचण चौकटीला दोनच रंगांची. म्हणून मी असं करतो: ८ × ८ च्या चौकटीतला सर्वात गडद आणि सर्वात उजळ आकडा शोधायचा, त्यांच्या जवळच्या पायऱ्या कागद आणि शाई म्हणून द्यायच्या आणि ठिपके त्या दोन छटांमध्येच पाडायचे. पर्वतीमागचं संध्याकाळचं आकाश यात असं मऊ येतं की समोरच्याला पटत नाही. रंगीत टीव्हीवर मात्र तोच फोटो रंगपंचमी खेळून आल्यासारखा दिसतो.

दोन चित्रं आलटून पालटून दाखवली तर?

१२८के मॉडेलला दुसरा पडदा आहे. ३२७६५ या पोर्टातला एक बिट बदलला की तो समोर येतो. सेकंदाला पन्नास वेळा अदलाबदल केली की एका पडद्यावर पांढरा आणि दुसऱ्यावर काळा असलेला ठिपका करडा दिसतो. लुकलुकतो मात्र फार. पाच मिनिटांत माझं डोकं धरतं.

दर आठव्या स्तंभाला उभी रेघ येते. फाइल बिघडली का?

फाइल नाही, मेमरी. खालच्या १६के साठी ४११६ जातीच्या आठ चिपा असतात आणि प्रत्येक चिप बाइटमधलं एकच बिट सांभाळते. एक गेली की पडद्यावर आठांतला एक स्तंभ खोटं बोलतो. रेघ आठांपैकी कितव्या जागी आहे ते मोजा, म्हणजे कोणती चिप ते कळतं.

कोणता फोटो घ्यावा?

मोठे आकार, स्पष्ट सावल्या. दुपारी तीननंतरचा दिल्ली दरवाजा उत्तम. सिंहगडाचा दुरून काढलेला फोटो घेऊ नका. डोंगर दिसतो, पण टीव्हीचा मनोरा एका ठिपक्याहून बारीक पडतो आणि ठिपके पाडताना गळतो. मला तो हवाच होता, शेवटी हाताने काढला.

पुण्यात टीव्ही, कॅसेट, अडॅप्टर कुठे बघू?

बुधवारी किंवा रविवारी जुना बाजार. पिना आणि वायरींसाठी तपकीर गल्ली. टीव्ही यूएचएफ घेणारा हवा, कारण मूळ स्पेक्ट्रम ३६ नंबरच्या चॅनेलवर चित्र सोडतो आणि बरेच जुने संच फक्त व्हीएचएफचे आहेत. आवाजाची काळजी नको, तो यंत्राच्या पोटातूनच येतो.

अडॅप्टर ९ व्होल्टचा, पण पिनेच्या आतल्या बाजूला ऋण. बाजारातले बहुतेक याच्या उलट असतात. मी न तपासता लावला होता, आणि एका ट्रान्झिस्टरची किंमत मोजून शिकलो. आधी मल्टिमीटर लावा.

तयार चित्र सेव्ह केलं, पण खालच्या सोळा ओळी कोऱ्या आल्या.

'स्क्रीन डॉलर' म्हणून, म्हणजे थेट पडदाच, सेव्ह करताना टेप सुरू करा असा संदेश खालीच उमटतो आणि तेवढा फोटो पुसतो. चित्र पूर्ण झाल्या झाल्या, प्रोग्राम थांबायच्या आत, पडद्याचे ६९१२ बाइट वरच्या मेमरीत, समजा ५०००० वर, उतरवून घ्या. प्रोग्राम तिथे बसलेला नाही एवढं बघा, आणि मग तिथूनच 'कोड' म्हणून सेव्ह करा. परत आणताना १६३८४ वर लोड करा आणि पुढच्या ओळीत 'पॉझ ०' (कळ दाबेपर्यंत थांब) लिहा, नाहीतर 'ओके' येऊन पुन्हा तोच भाग खाईल.